गव्हाची डेडलाइन

मार्च उजाडला की आमच्या ऑफिसात एसीवरून महायुद्ध सुरू होतं. खिडकीजवळच्यांना १८ हवा असतो, डक्टखाली बसणाऱ्यांना २६. फॅसिलिटीवाला बिचारा २४ वर ठेवतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. दोन-चार अंशांसाठी माणसं एवढी पेटतात! आता समजा तुम्ही गव्हाचं रोप आहात. नुकताच फुलोरा येऊन गेलाय, पुढचे ३५-४० दिवस दाणे भरायचं काम आहे, आणि बाहेर २५ च्या जागी अचानक ३४. मेल कुणाला टाकणार?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय गहू. मी शेतीतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. साधा बी. ई., पोटासाठी कोड लिहितो. पण २०२२ च्या मार्चमध्ये उत्तर भारतात गव्हाचं जे झालं, ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं की अरे, हा प्रॉब्लेम तर आपल्या ओळखीचा आहे. आणि त्यावर जे उपाय चर्चेत आहेत, त्यात सगळ्यात महत्त्वाच्या उपायावर सगळ्यात कमी बोललं जातंय. म्हणून हा प्रपंच.

आधी काय झालं ते थोडक्यात. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला भारतातला सगळ्यात तापलेला मार्च ठरला. देशभराचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ १.९ अंश जास्त. पाऊस नेहमीपेक्षा ७१ टक्के कमी. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता की गहू ११ कोटी १३ लाख टन होईल, विक्रमी. युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं, जगात गव्हाची टंचाई, आणि एप्रिलमध्ये पंतप्रधान सांगत होते की जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत जगाला अन्न पुरवू शकतो. १३ मे रोजी निर्यातबंदी आली. जेमतेम महिन्याभरात! उत्पादनाचा अंतिम सरकारी आकडा १० कोटी ७७ लाख टनांवर थांबला, आणि बाजारातले बरेच लोक तर तोही फुगवलेलाच मानत होते. पंजाबात हेक्टरी ४८ क्विंटलच्या घरात असलेला उतारा ४२-४३ वर आला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. (याला नुसतं ऊन जबाबदार नाही. युद्धामुळे बाहेर हमीभावापेक्षा जास्त भाव मिळत होता, त्यामुळे व्यापाऱ्यांनी भरपूर उचललं.) काही राज्यांत रेशनवरचा गहू कमी करून त्या जागी तांदूळ दिला गेला.

आता मला खरी इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट. आपल्याला वाटतं उष्णतेने पीक करपतं, म्हणजे पानं जळतात, रोप मरतं वगैरे. गव्हाचं तसं होत नाही. गहू घाई करतो.

गव्हाला कॅलेंडर कळत नाही. त्याचं घड्याळ तापमानावर चालतं. रोजची उष्णता तो जमा करत जातो, आणि ठरावीक बेरीज झाली की पुढच्या अवस्थेत जातो. आधी फुटवे, मग ओंबी, मग फुलोरा, मग दाणा भरणं, मग पिकणं. थंडीत ही बेरीज हळूहळू होते, म्हणून प्रत्येक अवस्थेला भरपूर दिवस मिळतात. ऊन वाढलं की बेरीज भराभर होते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसरचा क्लॉक स्पीड वाढतो. पण डेटा येण्याचा वेग काही तेवढा वाढत नाही! दाण्यात स्टार्च तयार करणारी जी एन्झाइम्स आहेत, त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम उन्हाला फार हळवं आहे. पंचविशीच्या पुढेच ते ढेपाळायला लागतं. पानातली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाही तिशीच्या पुढे कुरकुरते. रात्री गरम असल्या तर रोप दिवसभरात कमावलेल्यातलं बरंच श्वसनातच उडवून टाकतं. म्हणजे काम संपवायची मुदत आठ-दहा दिवसांनी आधी आली, आणि कामाचा वेगही मंदावला. मग दाणा बारीक राहतो, सुरकुततो. ओंबीतले दाणे मोजले तर तेवढेच भरतात, कारण दाण्यांची संख्या बरीचशी आधीच ठरलेली असते. वजन कमी. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅमऐवजी ३५ भरलं, की शेतकऱ्याचे साडेबारा टक्के गेले. एकही रोप न मरता.

(गंमत म्हणजे अशा सुरकुतलेल्या दाण्यात प्रोटीनची टक्केवारी बहुतेक वेळा जास्त निघते. प्रोटीन वाढलेलं नसतं, स्टार्च जास्त घटलेला असतो. डायटवाल्यांनी खूश होऊ नये.)

माझे एक मामा निफाडकडे शेती करतात. त्यांना मी एकदा उत्साहाने म्हटलं होतं, "मामा, यंदा गहू लवकर पिकला म्हणे." त्यावर मामा म्हणाले, "पिकला कसला रे, उरकून घेतलं त्याने." संशोधकांनी दहा पानांत लिहिलेलं मामांनी तीन शब्दांत सांगितलं. असो.

या 'उरकून घेण्या'तली खरी वाईट बाजू अशी की ते दिसत नाही. गारपीट झाली की शेत आडवं झालेलं दिसतं, फोटो निघतात, पुढारी बांधावर येतात, तलाठी पंचनामा करतो. पूर आला तरी तेच. पण उन्हाने मारलेलं गव्हाचं शेत कसं दिसतं? सोनेरी. एकदम कॅलेंडरवरच्या फोटोसारखं, आणि तेही आठवडाभर आधी. हातात घेऊन चोळून बघितल्याशिवाय, काट्यावर चढवल्याशिवाय काही कळत नाही. मग पंचनामा कशाचा करणार? आणि करायचा म्हटला तरी, केंद्र सरकारच्या मदतनिधीसाठी नैसर्गिक आपत्तींची जी यादी आहे, त्यात २०२२ मध्ये चक्रीवादळ होतं, दुष्काळ होता, गारपीट होती, दंव आणि थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. (राज्यांना आपापल्या पातळीवर ती जाहीर करता येते, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे थंडीने गहू गेला तर ती आपत्ती, उन्हाने गेला तर ते आपलं नशीब!

त्या वर्षी सरकारने एक बरी गोष्ट केली. खरेदीच्या नियमात सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्के होती, ती पंजाब-हरियाणासाठी १८ टक्के केली, आणि भावात कपात न करता. नाहीतर मंडईत ट्रॉल्या परत गेल्या असत्या. पण यातून फक्त शेतात निघालेला गहू विकला गेला. जो दाण्यात भरलाच नाही, त्याचे पैसे कोण देणार?

आता उपायांकडे वळू. या विषयावर कुणाशीही बोला, पाच मिनिटांत गाडी 'उष्णता सहन करणारं बियाणं' या स्टेशनवर येते. माझ्या टीममधला एक मित्र तर म्हणतो, "दे ना रे एक पॅच मारून!" आणि बियाण्याचा उपयोग नाही असं मी मुळीच म्हणत नाही. २०२३-२४ च्या रब्बीत सरकारने गव्हाच्या ६० टक्के क्षेत्रावर अशा जाती पेरायचं लक्ष्य ठेवलं. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता, तरीही त्या हंगामात देशात गव्हाचं विक्रमी पीक आलं, साडेअकरा कोटी टनांच्या पुढे. सरकारी आकड्यांवर पाच टक्के शंका घेतली तरी हे छोटं काम नाही. गहू-संशोधकांना माझा मनापासून सलाम.

पण जरा खोलात गेलं की कळतं, यातलं बरंचसं कौतुक बियाण्याइतकंच तारखेचं आहे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेली एचडी ३३८५ ही जात घ्या. उन्हाला टक्कर देणारी म्हणून तिचं नाव झालं. तिची युक्ती काय? ती ऊन सहन करते त्यापेक्षा ऊन चुकवते. २०-२५ ऑक्टोबरच्या सुमाराला, म्हणजे नेहमीपेक्षा दोन-तीन आठवडे आधी पेरायची, म्हणजे मार्चचं ऊन तापेपर्यंत दाणे भरून झालेले असतात. यात एक अडचण असते. ऑक्टोबर तसा गरम, त्यामुळे साधा गहू लवकर पेरला तर त्याचं घड्याळ जोरात पळतं, पुरेसे फुटवे यायच्या आतच तो ओंबी काढून बसतो. म्हणून या जातीत असे जनुक आहेत की थोडी थंडी अंगावर घेतल्याशिवाय ती पुढच्या अवस्थेत जात नाही. थांबायला शिकवलेला गहू! मला हे डिझाइन म्हणून फारच आवडलं.

पण हे सगळं कधी? तर ऑक्टोबरच्या २५ तारखेला शेत रिकामं असेल तर. आणि इथेच खरी मेख आहे.

शेत रिकामं नसतं. त्यात भात उभा असतो.

आपल्यापैकी ज्यांनी एक तरी प्रोजेक्ट शेवटपर्यंत बघितलाय त्यांना हे चित्र पाठ असेल. रिलीजची तारीख पक्की. डेव्हलपमेंट रेंगाळतं. त्यामुळे टेस्टिंगला सहा आठवड्यांऐवजी तीन मिळतात. आणि प्रॉडक्शनमध्ये बग आला की सगळे टेस्टरकडे बघतात. गहू म्हणजे तो टेस्टर आहे. भात हे रेंगाळलेलं डेव्हलपमेंट. आणि रिलीजची तारीख सूर्याने ठरवलेली, तिच्यासाठी एस्कलेशन करायची सोय नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरणी लांबली की उत्तरेत गव्हाचा उतारा रोज एक टक्क्याच्या आगेमागे घटतो, असा साधारण हिशेब आहे. वीस दिवस उशीर झाला तर मार्चमध्ये लाट येवो न येवो, पंधरा-वीस टक्के तुम्ही आधीच गमावलेत.

मग भात लवकर का लावत नाहीत? तर त्यालाही कारण आहे, आणि चांगलं कारण आहे. पंजाबात भूजल इतकं खोल गेलं की २००९ मध्ये राज्याने कायदाच केला. १० जूनच्या आत भाताची लावणी करायची नाही. कडक उन्हाळ्यात शेतात पाणी तुंबवून ठेवलं की ते नुसतं उडून जातं, म्हणून. हेतू उत्तम. पण एका मॉड्यूलमधला बग काढला की दुसऱ्या मॉड्यूलमध्ये रिग्रेशन येतं, तसं झालं. भाताची काढणी पुढे सरकली, गव्हाची पेरणी तिथेच राहिली, आणि मधली जागा दोन-तीन आठवड्यांची उरली. तेवढ्यात भाताचे खुंट कसे काढायचे? काडी ओढा. दिल्लीकरांना नोव्हेंबरात धूर खावा लागतो त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. म्हणजे दिल्लीचा धूर आणि मार्चमधला सुरकुतलेला गहू, दोन्ही एकाच टाइमटेबलची पोरं.

२०२५ मध्ये पंजाब सरकारने लावणीची तारीख विभागवार १ जूनपासून सुरू करून दिली. मला हे पटत नाही. दहा दिवस मिळाले खरे, पण ते जमिनीखालच्या पाण्याकडून उसने घेतलेले. ते पाणी परत कोण भरणार?

त्यापेक्षा सरळ मार्ग वेगळा आहे, आणि तो भाताच्या बियाण्यातून जातो. पुसा-४४ नावाची भाताची जात पंजाबात वर्षानुवर्षं लाडकी होती, कारण उतारा जबरदस्त. पण ती पेरणीपासून तयार व्हायला सुमारे १६० दिवस घेते. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची पीआर-१२६ ही जात सुमारे १२३ दिवसांत येते. फरक काढा. महिन्याहून जास्त! गव्हाच्या कुठल्याही जनुकात एवढे दिवस लपलेले नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं, की गव्हाला उन्हापासून वाचवायचं असेल तर मेहनत मार्चमध्ये गव्हावर करून उपयोग नाही, मे महिन्यात शेतकरी भाताचं कुठलं बियाणं घेतो तिथे करायला हवी. आणि जोडीला उभ्या खुंटांतूनच गहू पेरणारं हॅपी सीडरसारखं यंत्र, म्हणजे काडी ओढायलाही नको आणि नांगरटीत दिवसही जायला नकोत. जमिनीवर राहिलेलं भाताचं काड ओल धरून ठेवतं, माती थंड ठेवतं, ते वेगळंच.

हे फक्त पंजाबचं दुखणं नाही. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात तर प्रकरण जास्त बिकट आहे. तिथे कायद्याने तारीख अडवलेली नाही, पावसाने अडवलेली आहे. मान्सूनची वाट बघत भाताची रोपं उशिरा टाकायची, मग लावणी उशिरा, काढणी उशिरा, आणि गहू पार डिसेंबरात. २०२२ मध्येच 'नेचर फूड'मध्ये या भागातल्या भात-गहू पद्धतीवर एक अभ्यास आला, आणि त्याच्या शीर्षकातच चक्क 'टाइम मॅनेजमेंट' हे शब्द आहेत. मी वाचलं आणि हसलोच. एचआरच्या ट्रेनिंगमधून सुटून हे शब्द शेतात पोचले! पण मुद्दा गंभीर आहे. भाताच्या रोपवाटिकेला जूनमध्ये चार पाणी वेळेवर मिळालं, तर पुढच्या मार्चमध्ये गहू उन्हातून सुटतो. गव्हाचं उष्णतेपासून संरक्षण म्हणजे बिहारमधल्या बोअरवेलला मिळणारी जूनमधली वीज, हे किती जणांच्या डोक्यात येईल?

आपल्याकडे महाराष्ट्रात भाताची भानगड कमी, पण धडा तोच. आपण गव्हाच्या पट्ट्याच्या गरम काठावर बसलोय. थंडीच मुळात आखूड. हिवाळ्यात पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी वाचता ना, तो पारा बहुतेक वेळा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गहू संशोधन केंद्र तिथे आहे हा योगायोग नाही! बागायती गव्हासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हाच सल्ला असतो. पण परतीचा पाऊस रेंगाळला, सोयाबीन वेळेवर निघालं नाही, मजूर मिळाले नाहीत, की पेरणी डिसेंबरात जाते. 'फुले समाधान'सारख्या वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालणाऱ्या जाती आहेत, त्या आधार देतात. उशीर झालाच तर मामांसारखे लोक दाणे भरताना हलकं पाणी देतात, तेरा-शून्य-पंचेचाळीसची फवारणी करतात. (लुधियानाचं विद्यापीठही पोटॅशियम नायट्रेटची हीच फवारणी सुचवतं.) पण त्यातही कसरत. पाणी द्यावं आणि त्याच रात्री वारं सुटलं, तर भरलेल्या ओंबीचा गहू आडवा होतो. रात्री वारं पडलेलं असताना पाणी द्यायचं, आणि वीज त्या वेळी असेल का हे महावितरणला विचारायचं.

मग प्रश्न येतो की एवढं सोपं असेल तर होत का नाही? शेतकऱ्याला काय तारखा कळत नाहीत? कळतात, आपल्यापेक्षा जास्त. पण त्याच्या एक्सेल शीटमध्ये भात पहिल्या ओळीत आहे. भाताला हमीभाव आहे, खरेदीची खात्री आहे, पंपाला वीज फुकट आहे. जास्त दिवसांची जात एकरी दोन क्विंटल जास्त देत असेल, तर ते पैसे ऑक्टोबरात नक्की मिळणार. गव्हाचं नुकसान मार्चमध्ये होईल, कदाचित होणार नाही. तुम्ही-मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं? मीही पुसा-४४ च लावली असती.

नुसती बंदी घालून हे सुटत नाही याचाही अनुभव घेऊन झाला. २०२३ मध्ये पंजाब सरकारने पुढच्या हंगामापासून पुसा-४४ वर बंदी जाहीर केली. शेतकरी पीआर-१२६ कडे वळले. २०२४ ची काढणी आली तेव्हा राइस मिलवाले अडून बसले. म्हणे, सरकारला क्विंटलभर भातामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, आणि या जातीतून तेवढा निघत नाही. विद्यापीठ म्हणालं निघतो. मंडईत भाताचे ढीग लागले, शेतकरी रस्त्यावर, आणि इकडे गव्हाच्या पेरणीचे दिवस निघून चालले. ज्या जातीने वेळ वाचवायचा, तिचाच वेळ मंडईत गेला!

माझ्या मते पैसे इथे घालायला हवेत. लवकर येणाऱ्या भाताला क्विंटलमागे थोडा जादा भाव, आणि मिलवाल्यांचा उतारा खरंच कमी येत असेल तर तो तपासून तेवढा फरक भरून देणं. दोन्हीला खर्च आहे, मान्य. पण २०२२ मध्ये गोदामं अर्धी भरली, निर्यातीचे सौदे तोंडघशी पडले, रेशनवरचा गहू घटला, आणि पुढचं वर्षभर आपण पिठाला जास्त पैसे मोजले, तोही खर्चच होता. तो कुणी बजेटमध्ये दाखवला नाही एवढंच. कृषी मंत्रालय रब्बीत दर आठवड्याला पेरणीचे आकडे देतं. देशाच्या एकूण आकड्यावरून बातम्या होतात, 'पेरा गेल्या वर्षीपेक्षा जास्त' वगैरे. यंदा तुम्ही नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला आकडा बघा, तोही पंजाब आणि बिहारचा वेगवेगळा. मार्चमध्ये किती ऊन पडणार हे तेव्हा हवामान खात्यालाही माहीत नसतं, पण त्या उन्हात किती गहू सापडणार हे त्या आकड्यात बरंचसं दिसतं.